बचनागापासून धोतऱ्यापर्यंत: चिनी औषधांची 'झाडा'झडती घेणारा ली शिझेन

विशीतल्या एका मुलाला सर्दी झाली. सर्दीचा खोकला झाला, खोकल्यासोबत ताप आला आणि तो ताप काही केल्या उतरेना. अंगाची नुसती आग होत होती. दिवसाला वाटीभर कफ पडत होता. उन्हाळ्याचे दिवस, त्यात ना झोप ना जेवण. महिनाभर वेगवेगळे काढे देऊन झाले, पण आजार वाढतच गेला. शेवटी आजूबाजूच्या लोकांनी आशाच सोडली.

ही गोष्ट साधारण 1538 सालची, चीनच्या हुबेई प्रांतातल्या छीचौ गावची. मुलाचे वडील ली यानवेन स्वतः नावाजलेले वैद्य होते. त्यांना एका जुन्या वैद्याचा उपाय आठवला. त्यांनी सगळे काढे बंद केले आणि ह्वांगछिन नावाची एकच पिवळी मुळी घेतली, वजनाने एक लियांग, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 37 ग्रॅम. दोन पेले पाण्यात ती उकळली, एक पेला उरेपर्यंत आटवली आणि पोराला पाजली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मागोमाग खोकलाही गेला.

तो मुलगा म्हणजे ली शिझेन. पुढे त्याने चिनी औषधांचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात ह्वांगछिनच्या नोंदीखाली ही स्वतःची केस त्याने मात्रेसकट लिहून ठेवली आहे.

आता एका पेशंटचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आपल्याला माहिती आहे. महिनाभराने तो ताप आपोआपही उतरला असेल. पण या मुळीची पुढची गोष्ट भारी आहे. ह्वांगछिनमधला मुख्य घटक म्हणजे बायकालिन. मुळी गार पाण्यात भिजत ठेवली की तिच्यातलंच एक एन्झाइम या बायकालिनचे तुकडे पाडतं, तयार झालेल्या पदार्थाचा हवेशी संपर्क येतो आणि पिवळी मुळी हिरवी पडते. हिरवी मुळी म्हणजे कस गेलेली मुळी. म्हणून ती आधी वाफवतात किंवा उकळत्या पाण्यातून काढतात. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, बायकालिन टिकतं आणि मगच मुळीच्या चकत्या करतात.

म्हणजे वनस्पती तीच, पण गार पाण्यात टाकली की एक आणि वाफेवर ठेवली की दुसरं. ली शिझेनला एन्झाइम हा शब्द माहिती असण्याचं कारणच नव्हतं. पण औषध नेमकं कुठलं आणि त्याच्यावर आधी काय प्रक्रिया केली, या दोन प्रश्नांवर माणसाचं जगणं-मरणं ठरतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. त्याने सगळं आयुष्य याच कामात घातलं.

तीनदा नापास

ली शिझेनचा जन्म 1518 सालचा. आजोबा गावोगाव घंटा वाजवत फिरणारे वैद्य. तेव्हाच्या चीनमध्ये अशा वैद्यांना फारशी इज्जत नव्हती. मान हवा तर सरकारी परीक्षा पास व्हा आणि अधिकारी बना. आपल्याकडे यूपीएससी-एमपीएससीसाठी घरदार पणाला लावतात ना, अगदी तसंच. वडील स्वतः वैद्य असूनही मुलाने या धंद्यात पडू नये, असं त्यांना वाटायचं.

सुरुवात झक्कास झाली. चौदाव्या वर्षी त्याने पहिली परीक्षा काढली. पुढची प्रांतिक परीक्षा मात्र काही निघेना. त्यासाठी वुचांगला जावं लागायचं. तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा नापास होऊन परत आला. मधल्या काळात ते आजारपणही झालं. शेवटी त्याने वडिलांकडे वैद्यकी शिकायला परवानगी मागितली आणि वडिलांनीही हट्ट सोडला.

पुढची काही वर्षं पटापट सरली. वैद्य म्हणून त्याचं नाव झालं. वुचांगमध्ये राहणाऱ्या चू घराण्याच्या राजपुत्राने त्याला आपल्याकडे नेमलं. तिथून त्याची शिफारस बीजिंगच्या शाही वैद्यकीय संस्थेत झाली. तिथे तो फार टिकला नाही. साधारण वर्षभरात नोकरी सोडून गावी आला, असं सांगतात.

एकाच झाडाची दोन नावं, एकाच नावाची दोन झाडं

जुने औषधी ग्रंथ वाचताना ली शिझेनच्या लक्षात यायला लागलं की यात घोळ आहे. आणि घोळ साधासुधा नाही.

चीनमध्ये औषधी द्रव्यांच्या ग्रंथांची परंपरा हजार वर्षांहून जुनी. प्रत्येक पिढी जुन्या ग्रंथात भर घालायची, पण जुन्या चुका काढण्याचं धाडस फार थोडे करायचे. त्यामुळे हुजांग आणि नानशिंग ही एकच वनस्पती दोन वेगळ्या नोंदींत बसली होती. दोन वेगळ्या वनस्पती एकाच नोंदीत कोंबल्या होत्या. सगळ्यात भयंकर म्हणजे, ताकद वाढवण्यासाठी खायची ह्वांगजिंग नावाची मुळी आणि गोउवेन नावाचं जीवघेणं विष यांची एकमेकांशी सांगड घातलेली होती. पुस्तकावर भरवसा ठेवून औषध देणाऱ्या वैद्याचा पेशंट दगावला, तर दोष कुणाचा?

हे सगळं जुन्या काळचं वाटत असेल तर एक विसाव्या शतकातला प्रसंग सांगते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरात अनेक तरुण स्त्रियांच्या किडन्या अचानक निकामी व्हायला लागल्या. सगळ्या एकाच क्लिनिकमध्ये वजन कमी करायला गेलेल्या होत्या आणि तिथल्या गोळ्यांत चिनी वनस्पती होत्या. शोध घेतल्यावर कळलं की घोळ नावाचा होता. चिनी भाषेत फांगजी या नावाने दोन वेगळ्या मुळ्या विकल्या जातात. हवी होती एक, आली दुसरी. त्या दुसऱ्या मुळीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी खराब करतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं. बाधित स्त्रियांची संख्या 100 च्या वर गेली.

ली शिझेन नेमक्या याच भानगडीशी साडेचारशे वर्षांपूर्वी झगडत होता. 1552 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने कामाला हात घातला. सुमारे 800 पुस्तकं चाळली. पण नुसती पुस्तकं वाचून भागणार नव्हतं. तो डोंगर-दऱ्यांत फिरला. शेतकरी, कोळी, शिकारी, लाकूडतोडे, जो भेटेल त्याला विचारत गेला. संपूर्ण मसुदा तीनदा लिहून काढला. 1578 मध्ये काम संपलं तेव्हा तो साठीला आला होता.

ग्रंथाचं नाव 'बेनत्साओ गांगमू'. एकूण 52 भाग, 1,892 औषधी द्रव्यं, त्यातली 374 त्याने नव्याने घातलेली, आणि 11,096 पाककृती, म्हणजे औषधांचे नुस्खे. प्रत्येक द्रव्याची नोंद एका ठरलेल्या साच्यात आहे. नाव कसं पडलं, ते कुठे मिळतं, आधीच्या ग्रंथांत काय चुकलं आणि मग एक खास सदर: हे द्रव्य वापरण्याआधी त्याच्यावर काय प्रक्रिया करायची.

विषाचं औषध कसं करायचं?

या प्रक्रियेला चिनी भाषेत पाओझी म्हणतात. भाजणं, वाफवणं, भिजवणं, दारूत किंवा व्हिनेगरमध्ये परतणं, मधात घोळवणं, सगळं त्यात आलं. आयुर्वेदात ज्याला शोधन म्हणतात, तो याचाच एक भाऊ.

उदाहरण बचनागाचं घेऊ. आपल्याकडे हिमालयातून येणारा बचनाग आयुर्वेदात गोमूत्रात किंवा दुधात शोधून वापरतात. चीनमध्ये याच कुळातल्या एका वनस्पतीचं मूळ वापरतात, त्याला फूझी म्हणतात. त्यात ॲकोनिटिन नावाचं विष असतं. काही मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आधी तोंड-जीभ बधिर होते, मग हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस मरू शकतो. चीनमध्ये ही मुळं मिठागरातून उरलेल्या कडू खारट पाण्यात भिजवतात, वारंवार पाणी बदलतात आणि भरपूर उकळतात. उकळताना ॲकोनिटिनच्या रेणूला चिकटलेले दोन गट एकामागोमाग गळून पडतात. पहिला गळाला की विषारीपणा शेकडो पटींनी उतरतो आणि दुसरा गळाला की आणखी उतरतो. ली शिझेनने कच्च्या आणि शिजवलेल्या फूझीचे उपयोग वेगळे नोंदवले आणि आजार गंभीर असल्याशिवाय तिला हात लावू नये, असंही बजावलं. तरी आजही, कमी उकळलेला काढा प्यायल्याने विषबाधा झाल्याच्या घटना हाँगकाँग आणि चीनमधून वैद्यकीय नियतकालिकांत येत असतात.

दुसरं उदाहरण तर आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. अळू नीट शिजलं नाही किंवा चिंच कमी पडली की घसा खाजतो. याचं कारण पानातले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक. अळूच्याच कुळातली बानशिया नावाची गड्डी चीनमध्ये खोकल्या-उलटीवर वापरतात. कच्ची खाल्ली तर घसा सुजतो. आपण चिंच किंवा आमसूल वापरतो, तिथे चिनी लोक तुरटी आणि आलं वापरतात. आपल्या आज्यांनी आणि तिथल्या वैद्यांनी एकाच डोकेदुखीवर आपापल्या डब्यातला उपाय शोधला, एवढाच काय तो फरक.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात ली शिझेन चिडलेला दिसतो. दीह्वांग नावाची मुळी कच्ची असताना वेगळ्या कामाची आणि शिजवलेली वेगळ्या कामाची. शिजवायची पद्धत त्याने सविस्तर दिली आहे. वेलदोड्याच्या कुळातल्या एका बियांची पूड चांगल्या दारूत कालवायची, ती मुळीला चोळायची, वाफवायची, सुकवायची. परत चोळायची, वाफवायची, सुकवायची. असं नऊ वेळा. पिवळसर मुळी शेवटी काळीभोर, चिकट आणि गोड होते. रसायनशास्त्र सांगतं की या वाफवण्यात मुळीतल्या मोठ्या साखरा तुटून लहान, गोड साखरा बनतात. कॅटॅल्पॉल नावाचा घटक कमी होतो. काळा रंग येतो तो भाकरी भाजताना खरपूसपणा येतो त्याच प्रकारच्या प्रक्रियेने. हे सगळं लिहून झाल्यावर ली शिझेन पुढे नोंदवतो की बाजारात हल्ली दारूत एकदा उकळून काढलेली मुळी विकतात, ती घेऊ नका. चारशे वर्षांपूर्वीही शॉर्टकट मारणारे दुकानदार होतेच!

धोतरा, खवले मांजर आणि पारा

ऐकीव गोष्ट तपासून बघायची खोड त्याला होती. धोतऱ्याबद्दल चीनमध्ये समजूत होती की फूल हसत तोडून त्याची दारू केली तर पिणारा हसत सुटतो आणि नाचत तोडलं तर नाचायला लागतो. ली शिझेनने हे स्वतः करून पाहिलं. त्याचा निष्कर्ष असा की अर्धवट झिंगेपर्यंत प्यावं लागतं आणि समोर कुणीतरी हसून किंवा नाचून सुरुवात करून द्यावी लागते, मगच परिणाम दिसतो. म्हणजे फूल कसं तोडलं याचा संबंध नाही. त्याने धोतऱ्याचं आणि भांगेच्या जातीतलं फूल एकत्र करून, गरम दारूतून देऊन, गळू कापण्याआधी पेशंटला गुंगी आणायची कृतीही दिली आहे. धोतऱ्यात स्कोपोलामिन असतं, त्याचा हा परिणाम. (वाचून उत्साहात घरी काही करायला जाऊ नका. धोतऱ्याने माणसं मरतात.)

गंमत म्हणजे धोतऱ्याचं चिनी नाव मान्तुओलुओ हे आपल्या संस्कृत मंदारवरून आलेलं आहे. बौद्ध ग्रंथांत स्वर्गातून मंदाराच्या फुलांचा वर्षाव होतो. ते नाव चीनला पोहोचलं आणि जाऊन बसलं धोतऱ्यावर. ली शिझेनने हा धागाही नोंदवला आहे.

खवले मांजराबद्दल जुने ग्रंथ सांगत की ते खवले उघडून मुंग्यांना आत घेतं आणि मग पाण्यात जाऊन त्यांना खातं. ली शिझेनने एक खवले मांजर फाडून पाहिलं. पोटात लिटरभर मुंग्या निघाल्या. ते जीभ बाहेर काढून मुंग्यांना आकर्षित करतं, हेही त्याने लिहिलं. पण त्याच ग्रंथात खवल्यांचे औषधी उपयोगही आहेत. याच समजुतीमुळे पुढे या प्राण्याची इतकी शिकार झाली की आपल्या कोकणातही त्याच्या तस्करीच्या बातम्या येत राहतात. खवल्यांत असतं ते केराटिन, म्हणजे आपल्या नखांत असतं तेच. 2020 मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढून टाकले.

हे मुद्दाम सांगतेय, कारण ली शिझेनला आजच्या काळातला सायंटिस्ट बनवण्याची हौस इंटरनेटवर अनेकांना आहे. तो तसा नव्हता. कुजलेल्या गवतातून काजवे जन्मतात, असं तो मानायचा. ग्रंथाचा शेवटचा भाग माणसाच्या शरीरातून मिळणाऱ्या द्रव्यांचा आहे. त्यात केस-नखं आहेत. पण माणसाची हाडं गोळा करून औषध विकणाऱ्यांवर त्याने तिथेच कडाडून टीकाही केली आहे.

पाऱ्याबाबत मात्र तो ठाम होता आणि हे सोपं नव्हतं. तो ग्रंथ लिहीत होता तेव्हा गादीवर जियाजिंग सम्राट होता. अमर होण्याच्या नादाने तो हिंगूळ आणि पाऱ्यापासून बनवलेली रसायनं खायचा. 1567 मध्ये तो वारला तो याच विषांमुळे, असं अनेक इतिहासकार मानतात. अशा काळात ली शिझेनने लिहून ठेवलं की पारा विषारी आहे आणि अमरत्वाच्या लोभाने तो खाऊन आजवर किती लोक अपंग झाले आणि मेले याची गणती नाही. शिशाच्या नोंदीत त्याने खाणकामगारांचं वर्णन केलंय. दिवे घेऊन खोल भुयारात शिरणारे, महिनोन्महिने बाहेर न येणारे, मग त्वचा पिवळी पडून, पोट फुगून, अन्न बंद होऊन मरणारे. राजवाड्यातलं विष आणि खाणीतलं विष, दोन्ही एकाच माणसाने नोंदवलं.

उकळायचं की नाही?

एक नोंद पुढे जगभर गाजलेल्या शोधाशी जोडली गेली. छिंगहाओ नावाच्या वनस्पतीखाली ली शिझेनने चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याची तापावरची कृती उतरवून घेतली आहे. मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. 1970 च्या दशकात चीनच्या शास्त्रज्ञ थू यूयू मलेरियावर औषध शोधत होत्या. गे होंगची कृती वाचताना त्यांच्या लक्षात आलं की यात उकळणं नाहीच! उष्णतेने औषध नष्ट होत असावं, असा अंदाज करून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि 2015 मध्ये नोबेल. ह्वांगछिनला उष्णता लागते आणि याला उष्णता चालत नाही.

पण इथेही नावाचा पेच आहेच. ली शिझेनने छिंगहाओ आणि पिवळ्या फुलांची ह्वांगह्वाहाओ अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या. आजच्या अनेक अभ्यासकांच्या मते ज्यात आर्टेमिसिनिन भरपूर मिळतं ती वनस्पती म्हणजे ही दुसरी. आयुष्यभर नावं सोडवणाऱ्या माणसाच्या नोंदीवरून आज वनस्पतीतज्ज्ञ वाद घालतायत.

छापायला पैसा कुणाकडे?

1578 मध्ये ग्रंथ तयार झाला, पण एवढं प्रचंड पुस्तक लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापायचं म्हणजे खर्च किती! गावाकडच्या वैद्याच्या पुस्तकात कोण पैसे घालणार? 1580 मध्ये तो वांग शिझेन या तेव्हाच्या बड्या साहित्यिकाकडे गेला. (नावं सारखी आहेत, गोंधळू नका.) त्याची प्रस्तावना मिळाली तर प्रकाशक मिळेल, हा हिशोब. प्रस्तावना हातात आली 1590 मध्ये. दहा वर्षांनी!

मग नानजिंगचा प्रकाशक हू चेंगलोंग तयार झाला. ठोकळे कोरायचं काम सुरू झालं. मुलं आणि नातू कामाला लागले होते. हजाराहून जास्त चित्रं होती, तीही घरातल्यांनीच तयार केली. 1593 मध्ये ली शिझेन वारला. छापलेलं पुस्तक त्याने पाहिलं नाही.

1596 मध्ये त्याचा मुलगा ली जियानयुआन याने ग्रंथाची प्रत वानली सम्राटाला सादर केली. दरबारातून मदत मिळेल, ग्रंथ सरकारी खर्चाने छापला जाईल, अशी आशा होती. सम्राटाने पुस्तक ठेवून घेतलं आणि संबंधित खात्याला कळवा असा दोन ओळींचा शेरा मारला. पुढे काहीच झालं नाही.

ग्रंथ मात्र पसरला. 1603 मध्ये जियांगशी प्रांतात त्याची नवी आवृत्ती निघाली. 1607 मध्ये एक प्रत जपानला पोहोचली आणि थेट तोकुगावा इएयासूच्या हातात गेली. 1735 मध्ये त्यातले उतारे फ्रेंचमध्ये छापले गेले. 2011 मध्ये युनेस्कोने नानजिंगची ती पहिली आवृत्ती आपल्या जागतिक स्मृतिसूचीत घेतली.

ली शिझेनची समाधी छीचौमध्ये युहू तलावाच्या काठी आहे. ज्यांनी एका मुळीचा काढा पाजून त्याला वाचवलं, ते वडील आणि आई शेजारीच आहेत.